परडीवरचा हात आणि बटनावरचं बोट

गुरुग्राम, हरियाणा

तीर्थरूप तातेराव मामांस,

भाचा कल्याणचा पाया पडून नमस्कार. (तुम्ही पाय मागं घेतले तरी मी नमस्कार मागं घेत न्हाई.) फोनवर तुम्ही मला ब्लॉक केलं, म्हणून हे पत्र. पत्राला ब्लॉक करता येत न्हाई. तुमचा गुडघा कसा हाय? बेबीनंदा मामीची शुगर? म्हैस व्याली का? मी बरा हाय. गोदामात पार्सलं भरून राह्यलो. वेल्डिंगचं सोडलं, त्याच्या पहिलं गार्डाचं सोडलं, हे काम अजून तरी टिकून हाय.

आईनं तुमचा निरोप सांगितला. कल्याणनं व्हिडिओ करून 'साहेबांनी बिलाला विरोधच केला, मी डोळ्यानं बघितलं' असं बोलावं, तरच मी त्याच्या लग्नात मामा म्हणून पाठीमागं उभा राहीन. मामा, साफ सांगतो. व्हिडिओ होणार न्हाई. मी डोळ्यानं बघितलं हे बराबर, म्हणूनच होणार न्हाई.

सुरुवात तुम्हीच केल्ती. घरचं बियाणं शेजाऱ्याला द्यायला बंदी करायचं ते बिल आलं, तवा आपले खासदार काकासाहेब पिंपळगावला आल्ते आणि रेणुकाईच्या परडीवर हात ठेवून म्हणले की मी विरोधात मत देणार. तुम्ही खालून हात लावून आधार दिला. (फोटोत साहेबापेक्षा तुमचाच हात मोठा दिसतो. म्हणजे अर्धी शपथ तुमची.) मंग तुम्हीच मला फोन केला, साहेबाच्या माणसाकडून संसदेचा पास काढून देतो, तू जाऊन बघ अन् गावाला सांग. मी खाडा केला, शर्टाला इस्त्री मारली अन् गेलो. दारातच त्यांनी मोबाईल घेतला, पेन घेतला, तंबाखूची पुडी तर हातात धरून अशी बघितली जसा तंबाखूचा शोध मीच लावला. वर गॅलरीत बोलायचं न्हाई, पायावर पाय टाकायचा न्हाई, पेंगायचं न्हाई. माझ्या बाजूचे एक राजस्थानी काका पेंगले तर त्यांना दोनदा उठवलं. आपल्या ग्रामसभेत हा कायदा लावला तर सभेला ग्रामसेवक एकटाच उरंल.

मतदानाची घंटी झाली, ती थांबली की दारं लावून घेतात. बाहेरचे सगळे खासदार पळत आत येऊन राह्यले, अन् आपले काकासाहेब एकटेच बाहेर निघाले. पहिलं मला वाटलं, लघवीला चालले असतील. मंग डोक्यात उजेड पडला. विरोधात मत न्हाई, म्हणून पक्ष खुश. बाजूनं मत न्हाई, म्हणून देवी खुश. मामा, रेणुकाई काय पक्षाची जिल्हाध्यक्ष हाय का, की तिला असं गुंडाळावं? मी ठरवलं न्हवतं, पण देवळात निघतो तसा माझ्या तोंडातून फुल आवाज निघाला, रेणुकामातेचा उदो उदो! अन् साहेब थांबले. भर सभेत, दाराच्या तोंडाशी, हात जोडून, डोळे मिटून. देवीचं नाव आलं की आपल्याकडं कोण थांबत न्हाई? डोळे उघडले तवर दारं लागल्ती. त्यांच्या पक्षाच्या एका माणसानं दंडाला धरून त्यांना जागेवर आणलं, अन् बटन दाबेपर्यंत वरून बघत राह्यला. मला तवर दोन सफारीवाल्यांनी बगलंत धरून उचललं होतं, म्हणून फळ्यावरचा निकाल मी उलटा चालत वाचला. साहेबांचं मत बिलाच्या बाजूनं.

खाली नेऊन विचारलं, कोणती संघटना? मी म्हणलो, रेणुकादेवी नवरात्र मंडळ. अध्यक्ष कोण? तुमचं नाव सांगितलं. खरं तेच सांगितलं, मामा. दिल्लीहून फोन आला तर घाबरू नका.

आता तुम्ही म्हणता, साहेबाच्या पासावर जाऊन साहेबाचीच माती केली, गप बसला असता तर साहेब चहा पिऊन आले असते, शपथ बी राह्यली असती अन् पक्ष बी. मामा, परडीवर 'विरोध करीन' म्हणले होते, 'चहाला जाईन' असं न्हाई. अन् त्याच साहेबांचा भोकरदनला 'बियाणेरक्षक' म्हणून सत्कार झाला, बॅनरवर तुमचा हसरा फोटो! तुम्ही म्हणता निष्ठा. साहेबांनी पक्ष बदलला की तुम्ही उपरणं बदलता, मामी जुन्या उपरण्याचं पोतेरं करती, अन् घर पुसताना कळतच न्हाई की आज कोणता पक्ष फिरून राह्यला. लहानपणी मी खोटं बोललो की कान पिळणारे तुम्हीच. आज खरं बोललो तर पाठ सोडून राह्यले?

मला पक्षातून काढा, ग्रुपमधून काढा. (दोन्हीत मी न्हवतोच, ग्रुपमध्ये तुम्हीच टाकलं होतं.) पण मी शब्द बदलणार न्हाई.

तुमचाच,
कल्याण

ता. क. पत्रिका छापून आली. मामाच्या जागी तुमचंच नाव हाय. दुसरं टाकू का म्हणून आईला विचारलं, तर फोनवर असली बोलली की बाजूचा बिहारी पोरगा मराठी न येता बी समजला.

ता. क. दुसरं. प्रियदर्शनीनं निरोप धाडलाय, असला व्हिडिओ केला तर बोहल्यावर तीच उभी राहणार न्हाई. म्हणजे व्हिडिओ केला तर नवरी न्हाई, न्हाई केला तर मामा न्हाई. तुम्हीच सांगा, कुणाला सोडू.

ता. क. तिसरं. सचखंड एक्सप्रेसचं तिकीट वेटिंगवर अडकलंय. खासदाराचं पत्र लागलं की जागा भेटती म्हणतात. साहेबाकडून जल्दी एक पत्र घ्या, माझं नाव मात्र हळू आवाजात सांगा. न्हाईच म्हणले तर राहू द्या, मी जनरलच्या दारात जालन्यापर्यंत उभा राहून येईन. तुम्ही तेवढे मंडपात माझ्या मागं उभे राहा.