मळ्यातल्या दोन खोल्या

२० डिसेंबर
झाल्या! मळ्यातल्या दोन्ही खोल्यांवर पत्रे चढले! लातूर जिल्हा झाल्यापासून परगावचे साहेब लोक येऊन पडलेत. त्यांना घरचं जेवण नाही, सुट्टीला जायला जागा नाही. इथे मुक्काम करावा, रानात पिकतं ते चुलीवरचं गरम खावं – कल्पना माझी! हे लगेच तयार. मामंजी मात्र – "भाकर इकायची? शोभतंय का आपल्याला?" येळवसेपर्यंत – रानात पुजून जेवायच्या अमावास्येच्या सणापर्यंत – मुदत दिलीय. तोवर कोणी आलं नाही तर खोल्यांत कडबा भरणार.

२६ डिसेंबर
येणार! येणार! पाटबंधारे खात्यातले पुण्याचे साहेब, बायको, दोन मुलं. नेमके येळवसेलाच! म्हणजे शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील! गावातले आड आटले, पण आमच्या विहिरीवर मेथी, वांगी, हरभरा अजून हिरवा आहे. पहिल्याच पाहुण्यांच्या ताटात अख्खा मळा! मी तर हवेतच आहे.

२ जानेवारी
शेंगा सोलून बोटं हिरवी. झोप कुठली!

३ जानेवारी, येळवस
कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव पुजून झाले. ऊन कलायला लागलं तरी जीप नाही. मामंजी कडब्याच्या गंजीकडे बघून मिशीत हसत होते.

शेवटी आली. साहेब पोटावर हात ठेवून उतरले. वाटेत रानारानातून माणसं आडवी – "येळवस हाय साहेब, जेवल्याबिगर जाऊ देत न्हाई!" सगळीकडे जेवून आलेले! "वहिनी, आता आंबीलसुद्धा नको हो."

आणि हे मला सुचू नये? मी स्वतः जन्मभर येळवसेला वाटसरू ओढून आणून जेवू घातलेत! चुलीमागे जाऊन रडले. पण परत जायचं त्राण कुणात होतं? मुक्कामच केला!

४ जानेवारी
कालची भज्जी तापवली. काय मुरली होती! साहेबांनी भाकरी मागितली, परत मागितली. बाईसाहेब पाटावरून उठेनात. मामंजी स्वतः वाढत होते! मग साहेबांना ओढ्याकाठी फिरवून आणलं.

निघताना साहेबांनी पाकीट काढलं. मामंजी म्हणाले, "येळवसेच्या जेवणाचे पैसे घेत न्हाईत. खोलीचे द्या."

खोलीचे द्या! म्हणजे कडबा बाहेरच राहणार!

११ जानेवारी
साहेब परत आले! मी धावत चुलीशी. पण ते बसेनात. आमच्या ओढ्यावर तलाव मंजूर झालाय. विहीर, खोल्या, सगळा मळा पाण्याखाली जाणार. "तुमचं अन्न खाल्लंय, म्हणून आधी तुम्हाला सांगायला आलो."

गावात साखर वाटतायत. वाटणारच, असल्या दुष्काळात तळं मिळालंय. मला मात्र ती तोंडात घालवेना.

१२ जानेवारी
सकाळपासून मामंजी दिसेनात. आमच्या वरच्या खडकाळ बरडावर सापडले. एकटेच चुन्याने खोल्या आखत होते – दोन नाही, चार!

"महादेवी, चूल हिकडं धर. खिडकीतून तळं दिसंल पाव्हण्यायला."