गेटला आता आतून कडी आहे

अण्णा, तुम्ही लावलेलं कुलूप मी काढलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. गेटला आतून कडी आहे, कुणाही मुलीला उघडता येईल अशी. वरच्या मजल्यावरची तुमची जाड जाळी कापून मागे लोखंडी जिना बसवलाय. तुम्हाला आवडणार नाही, ठाऊक आहे. म्हणूनच सांगतेय.

भूकंपानंतरचे दिवस आठवतात का? औशाचं आपलं घर उभं होतं, तरी तुम्ही आम्हाला कितीतरी महिने अंगणात पत्र्याखाली झोपवलंत. पुढे आत झोपू लागलो तेव्हाही दाराला कडी घालू दिली नाहीत. आई चोराचं नाव काढायची, तर तुम्ही तिच्यावरच डाफरायचात, "चोर आला तर भांडी नेईल. पोरं आत अडकली तर?"

मग लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. आपणही इथे घर घेऊन वर मजले चढवले आणि मुलींचं हॉस्टेल काढलं. आणि तुम्हीच, अण्णा, सरकत्या गेटला बाहेरून कुलूप लावायला लागलात. दुपारी अभ्यासाच्या वेळीसुद्धा. किल्ली तुमच्या खिशात. पालक यायचे, कुलूप हलवून बघायचे आणि समाधानाने गावी जायचे.

त्या दुपारी तुम्ही आडतीवर होता. लोडशेडिंगमध्ये एका मुलीने पाणी तापवायचा रॉड बादलीतून काढून गादीवर टाकला, बटण तसंच राहिलं आणि ती खाली जेवायला आली. लाईट आली, गादी पेटली. मी कॉलेजातून येते तर गेटच्या आत मुली एकमेकींवर रेटल्यात, जिन्यात धूर कोंडलाय, आणि मी बाहेरून नुसती गेट ओढतेय. समोरच्या डाळ मिलमधल्या माणसांनी पहारीने कुलूप तोडलं म्हणून सगळ्या वाचल्या.

संध्याकाळी तुम्ही जळकी गादी पाहिलीत, रॉडवर बंदी घातलीत आणि नवीन कुलूप आणलंत. मी भांडले, तर म्हणालात, "गादीचं काय, नवी घेता येती. एखादी पोरगी पळून गेली तर तिच्या बापाला काय तोंड दाखवू?" मला अजून राग येतो, अण्णा. भूकंपात तुम्ही आमचे बाप होतात. इथे तुम्ही दुसऱ्यांच्या बापांची अब्रू राखत बसलात, आणि मुली आत होत्या.

अजूनही दर जूनला कुणीतरी गेटपाशी अडतो. परवा देवणीचे एक गृहस्थ म्हणाले, "म्याडम, कुलूपच न्हाई? मग पोरीला कुणाच्या भरवशावर ठिवायचं?" मी म्हटलं, "तिच्याच." ते मुलीला घेऊन शेजारच्या हॉस्टेलात गेले. जाऊ देत. खोल्या रिकाम्या राहिल्या तर राहू देत. मी मधूनच एखाद्या दुपारी न सांगता घंटा वाजवते, मग मुली ओल्या केसांनी, कुरकुरत मागच्या जिन्याने उतरतात. गल्ली हसते. मी घंटा वाजवतेच.

हे पत्र तुमच्या फोटोपाशीसुद्धा ठेवणार नाही. एवढं मात्र कबूल करते: तुम्ही होता तोवर त्या गेटला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. आणि तुमचा तेरावा व्हायच्या आधीच मी वेल्डरला बोलावलं होतं. मी रडत होते, आणि कुठून कापायचं ते त्याला दाखवत होते.