मांडीतला दगड

बा, तू मला ओळखलं नसशीलच. जिवंत होतास तेव्हाही तुला बैलांची नावं पाठ आणि लेकींची नाहीत. मला हाक मारायची तर आधी तिन्ही थोरल्या बहिणींची नावं, मग गोठ्यातल्या दोघांची, आणि शेवटी दमून, "ये गो, जी कोण असशील ती." तीच मी. आता माझेच गुडघे माझं ऐकत नाहीत. मला अक्षर येत नाही, हे सगळं सून लिहिते आहे. मधेच थांबून विचारते, "आत्याबाई, ह्ये पण लिहू?" मी म्हणते, लिही गो, त्याला तरी कुठं वाचता येतंय.

या पत्राला कारण तुझी फळी. नांगरलेल्या भातखाचरातला चिखल सपाट करायला बैलांमागे जुंपायचास ती, सागाची. तू एका टोकाला उभा राहिलास की दुसरं टोक वर उचलायचं, म्हणून तिथं मला बसवायचास. मी काडीसारखी, माझं वजन ते किती. मग ओढ्यातला दगड माझ्या मांडीत. पहिला एवढा मोठा आणलास की म्हशाच्या जत्रेतून घेतलेल्या त्या पांढऱ्या बैलानं मान वळवून तुझ्याकडे पाहिलं. बांधावरून आई ओरडते, "अवो, पोरगी बुडंल ना!" तू हसतोस, आणि दोन्ही बाजूंनी चिखल उडतो आहे. पुढे मी पुष्कळ गाड्यांत बसले, पण स्वारी म्हणावी अशी ती एकच. खाचरं धरणाच्या पाण्यात गेली. तू त्याच्या आधीच गेलास, बरं केलंस. बहिणींनी भांडी वाटून घेतली, मी फळी मागून घेतली. तिच्या पाठीवर तुझ्या पावलांचे दोन खळगे पडलेत, अजून हाताला लागतात.

आता तुझा नातू, माझा लेक. तो त्याच धरणाच्या कॉलनीत वायरमन आहे. तुझं शेत बुडवलेल्या पाण्यावर आमची चूल पेटते, हसायचं तर हस. दिवाळीनंतर तो पोलावरून पडला. पायाचं हाड जुळलं, प्लास्टर निघालं, डॉक्टर म्हणाला चालायला लागा. हा खाटेवरून उठेना. ताट समोर ठेवलं तर जेवायचा, नाही ठेवलं तर मागायचा नाही. मला तेच जास्त लागलं. लहानपणी चूल पेटायच्या आधी "आये, काय केलंस?" म्हणून पदर ओढणारं पोर ते. सून अंगणात जाऊन रडायची, मी आत. कोण कोणाची समजूत घालणार, दोघीही दमून गेलो होतो.

मग त्याच्याबरोबरच्या वायरमननं कुठल्याशा भंगारातून खेळण्यातल्या दोन गाड्या आणून दिल्या. बोटाएवढ्या. पोटाखाली खुंटी असते, ती रस्त्यातल्या खाचेत बसते. खाचेच्या दोन्ही कडांना तांबं, तिथून करंट. सरळ रस्ता, शेजारी शेजारी दोन गाड्या, आधी पोचेल ती जिंकली. वळण नाही, चढ नाही. गाड्या आल्या, पण रस्ता नव्हता, आणि विकतचा रस्ता आमच्या घरात कोण आणणार. तो गाड्या उलट्यापालट्या करून बघत बसला, आणि एके दिवशी म्हणाला, "आये, आज्याची फळी दे."

"कशाला?"

"खाचा पाडायच्यात."

"तुझ्या पाठीत पाडते."

"प्लायवूड फुगतं गो. ती एकच सरळ हाय."

मी नाही म्हटलं. तो भिंतीकडे तोंड करून निजला. मला तुझ्या खळग्यांवर करवत फिरताना दिसत होती, आणि त्याची पाठही दिसत होती. दुसऱ्या दिवशी चहा देताना म्हटलं, "फळी पालथी घाल. पोटावर काय ते कर. पाठीला हात लावलास तर हात मोडीन."

"पाय मोडलाच हाय, हात पण मोड," तो म्हणाला. विनोद केला, बा. सून माझ्याकडे बघतच राहिली.

चिखलानं घासून घासून तुझ्या फळीचं पोट गुळगुळीत झालंय. त्यानं करवत आणि पटाशी घेऊन दोन खाचा पाडल्या. टाकाऊ वायर सोलली, तांबं हातोडीनं चपटं करून कडांना बसवलं. शेणव्याच्या बाजारातून दारावरच्या घंटीची दोन बटणं आणवली, बिघडलेल्या टेपरेकॉर्डरमधला ट्रान्सफॉर्मर काढला. शेवटाला माझी गोधडी, गाड्या तिच्यात घुसून थांबाव्यात म्हणून. करवत खाटेवर बसून चालत नाही. उभं राहावं लागतं. तो उभा राहिला.

बटण दाबलं की गाडी नाक वर करायची, खुंटी खाचेतून सुटायची आणि गाडी चुलीपाशी. "मोटर जोरात हाय," तो म्हणे. मी म्हटलं, "तिच्या मांडीत दगड दे."

"तिला मांडी कुठाय?"

पण त्यानं मासे धरायच्या जाळ्याच्या शिशाचा तुकडा तिच्या नाकाशी चिकटवला. एवढा मोठा, की गाडी जागची हलेना. मला त्या बैलाची मान आठवली आणि माझं हसू थांबेना. मग त्यानं शिसं थोडं थोडं कातरलं, आणि गाडी सुटली ती थेट गोधडीत. एका बटणावर सून, एकावर मी. मी हरले. परत हरले. प्रत्येक खेपेला गाड्या आणायला तोच जायचा, फळीच्या कडेकडेनं, लंगडत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला जिंकायची घाई नव्हती.

आज सकाळी तो म्हणाला, "आये, शेवळांची भाजी कर."

मागितलं, बा. पण पावसाआधी रानात शेवळं कुठं वर येतात ती जागा तू मला एकटीला दाखवलेली. अर्धी पाण्याखाली गेली, आणि उरलेल्या अर्धीपर्यंत हे गुडघे चढत नाहीत. सुनेला मी सांगते, तर ती म्हणते सगळं रान सारखंच दिसतं.

आता ती विचारते, पत्र टाकायचं कुठं? तुझ्या गावाला जायचं तर पोस्टमनला पोहता यायला हवं. राहू दे. फळीखाली सरकवून ठेव म्हटलं, तुझे खळगे आता खालीच आहेत. आणि एक लिही गो, हसू नकोस. करवत लावायच्या आधी, घर निजलेलं असताना, मी ती फळी अंगणात ओढली आणि तिच्यावर बसून घेतलं. मांडीत पाट्यावरचा वरवंटा घेऊन.

तर शेवळं पाठव. चांगली जुडीभर, तो दोनदा घेईल. आणि या खेपेला शेवळांची खाज मारायला सोबत काकडाची आंबट फळं विसरू नकोस. मागे विसरला होतास, तेव्हा बैल सोडून घरातले सगळे घसा खाजवत बसले होते.