सावरीचा कंगवा आणि चौथे कलम

मी, हिराबाई धर्मा धोडी, वय अडुसष्ट, राहणार घोलवड, चिकूच्या वाडीत एकतीस वर्षे पॅकिंगची मुकादम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणी मागे न लागता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मंगळवारी मुंबईला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. मी घाबरले आहे, आणि ते इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढचे वाचताना कोणी मला धीराची बाई समजू नये.

१. माझी शिलाई मशीन व पितळेची भांडी तलासरीला राहणारा माझा भाचा नविन याची बायको संगिता हिला द्यावीत. मशीनला तिने एकदा भंगार म्हटले होते. आता तिनेच तेल घालावे. पतपेढीतली ठेव नविनला. दिवसकार्य साधे करावे.

२. माझी मांजर सावरी मात्र नविनला देऊ नये. पोरगा मनाने चांगला आहे, पण फोनवर म्हणाला, "मावशी, मुंडन करून टाकू तिचं. नाहीतर डहाणूच्या मासळी बाजारात सोडू, उपाशी नाही मरणार." उपाशी मरणार नाही हे खरे. ती केसांनी मरेल. वाडीच्या शेठच्या मुलीने पांढऱ्या, लांब केसांची दोन मांजरे मुंबईहून आणली आणि परदेशी जाताना वाडीवर ठेवून दिली. अशा मांजरांना स्वतःचे केस स्वतः आवरत नाहीत. कापूस हा बोका गेला. सावरी उरली, ती माझ्याकडे आहे.

३. जो कोणी सावरीला घेईल त्याने रोज कंगवा फिरवावा. रोज म्हणजे रोज, सणावारीसुद्धा. आधी मोठ्या दातांचा, मग लोखंडी बारीक. कानामागे, काखेत, पोटाखाली आणि मागच्या पायांच्या मध्ये, जिथे ती हात लावू देत नाही तिथेच गुंता होतो. गुंता ओढू नये. कॉर्नफ्लोअर भुरभुरून बोटांनी सोडवावा. कात्री लावू नये, गुंत्याबरोबर कातडी वर उचलली जाते आणि कापते. गुंता असताना आंघोळ घालू नये, त्याची गाठ घट्ट होते. शेपटीखालचे केस आखूड ठेवावेत आणि ती मातीत जाऊन आली की शेपूट उचलून पाहावे. लाज वाटत असेल तर मांजर पाळू नये.

गेल्या श्रावणात एक गुंता माझ्या हातून राहून गेला. मोतीबिंदूमुळे मला तो दिसलाही नाही. वास आला तेव्हा उघडून पाहिले, तर खाली कातडी ओली, लाल, आणि अळ्या वळवळत होत्या. डहाणूच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तेवढा भाग भादरला आणि म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर वाचली नसती. तेव्हापासून मी रोज चार चार वेळा तिच्या पोटाखाली बोटे घालते. ती मला कंटाळली आहे. मी मेले तर ती बोटे कोणाची असतील?

४. हे कलम लिहिण्यासाठीच बाकीची लिहिली आहेत.

सहा वर्षांपूर्वी कापूस पॅकिंगच्या टोपल्यांत झोपायचा. चिकूच्या देठातून पांढरा चीक गळतो. तो त्याच्या पोटाच्या केसांना लागून दगडासारखे गोळे झाले. मांजरांचे विंचरणे शुक्रीकडे होते. आमच्याच पाड्यातली शुक्री, बोटांची अशी हलकी की पाड्यात मूल जन्मले की न्हाऊ घालायला तिलाच बोलावीत. त्या दिवशी ती पोराच्या तापामुळे घरी होती. मी म्हटले, त्यात काय. हाताला चीक बसला की आम्ही सगळ्या बाया रॉकेलचा बोळा फिरवतो आणि मग साबण लावतो. माझ्या हातांना कधी काही झाले नव्हते. तसाच बोळा मी कापसाच्या पोटावर फिरवला. आपण हात चाटत नाही आणि मांजर सगळे अंग चाटते, हे माझ्या डोक्यात आले नाही. संध्याकाळी त्याच्या तोंडाला फेस आला. दुसऱ्या दिवशी तो मेला.

शेठने विचारले, रॉकेल कोणी लावले? मी खाली मान घालून म्हणाले, "मांजरांचं शुक्री बघते." एवढेच. खोटे एक अक्षर नव्हते. शुक्रीला त्याच दिवशी काढले. ती कामावरच नव्हती, हे तिने सांगितले, पण मुकादमाच्या शब्दापुढे कोणी ऐकले नाही. पॅकिंगमधल्या निर्मलाने तिला मांजरमारी नाव पाडले, ते पाड्यावर पोचले. मांजर मारल्याचे पाप लागलेल्या बाईच्या हातात कोणी बाळ देत नाही. सहा वर्षे तिला कोणी बाळंतिणीच्या घरी बोलावले नाही. मला माहीत होते आणि मी गप्प राहिले. रॉकेल मी लावले. शुक्रीने नाही.

५. माझे दोन खोल्यांचे घर व पुढचा ओटा शुक्रीला द्यावा. आधी मी लिहिले होते की मांजर सांभाळली तरच घर. ते खोडले आहे, खोडलेल्या जागी माझी सही आहे.

आज सकाळी शुक्रीला बोलावून वरची कलमे वाचून दाखवली. ती ऐकताना सावरीच्या काखेतला गुंता सोडवत बसली. सावरी एकदाही फिसकारली नाही. वाचून झाल्यावर मी विचारले, सांभाळशील ना? तिने हातातला गुंता आधी पुरा सोडवला. मग म्हणाली, "हिराबाय, तू मेल्यावर खरा बोलशील त मला काय उपेग? मानसा सांगतील, डोकरी जाताना कायतरी बरळली. जिती आहेस तवर वाच, सगल्यांच्या समोर. घराचा मंग बघू."

म्हणून कलम चौथे मी मेल्यावर वाचायचे नाही. उद्या रविवारी सकाळी बाया चिकू निवडायला बसतील तेव्हा मी स्वतः शेडमध्ये उभी राहून ते वाचणार आहे. पाड्यावरच्या बायांनाही निरोप धाडला आहे. मंगळवारी मला गुंगी देतील, काही कळणार नाही. उद्या गुंगी नाही. माझा आवाज फुटला नाही तर कागद राखणदार लाहूने वाचावा, पण मी तिथून हलणार नाही.

लिहून देणार: हिराबाई धर्मा धोडी
(हात कापत असल्याने सही वाकडी आली आहे, ती माझीच समजावी.)

साक्षीदार: १. लाहू, वाडीचा राखणदार. २. निर्मला, पॅकिंग कामगार.
दोघांनी मला सही करताना पाहिले व माझ्यासमोर स्वतःच्या सह्या केल्या. मजकूर त्यांनी वाचलेला नाही. उद्या ऐकतील.

ठिकाण: घोलवड
दिनांक: ८ मार्च २०२५, शनिवार

लोखंडी कंगवा शुक्रीने आजच नेला. मांजर उद्या, वाचून झाल्यावर नेणार आहे.