एत आणि ईत

आत-बाशी
२० मार्च, दुपार

प्रिय बुरुल,

आजपासून शाळेला सुट्टी लागली. पोरं दप्तरं छातीशी धरून चिखलातून पळाली आणि मी वर्गातच बसून राहिले आहे, कारण घरी गेले की गाय आहे, चूल आहे, शेजारीण आहे, आणि हे पुन्हा राहून जाईल. ऐक, आधी इकडचं सांगते. तांबडी गाय व्याली. कालवड झाली आहे, कपाळावर पांढरा ठिपका. नदीवरचा बर्फ मधोमध तडकलाय, काठाला मात्र अजून घट्ट आहे, आणि दुपारच्या उन्हात त्याच्याखालून पाणी असं वाहतं की पलीकडच्या खोलीत कुणीतरी हळू बोलत बसलंय असं वाटावं. आईच्या कबरीवर जाऊन आले. दगड एका बाजूला कलला होता, तो सरळ करून घेतला. छपरावरचा बर्फ या क्षणी थेंबाथेंबानं सुटतोय आणि मी उगीच थेंब मोजत बसलेय. हे असं कान देऊन बसायची सवय मला याच वर्षी लागली, आणि तिची गोष्ट तुला सांगायची आहे.

या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. ऑगस्टमध्ये पहिलीला शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांना तालुक्याला बोलावलं होतं. शिकवायला बिश्केकहून आलेली एक मुलगी, वय असेल पंचवीस, पायात पांढरेशुभ्र बूट. ती म्हणाली, पहिले सहा आठवडे फळ्यावर एकही अक्षर काढायचं नाही, मुलांना फक्त ऐकायला शिकवायचं. शब्द कुठल्या कुठल्या आवाजांचा बनलाय ते कानाला कळलं, की मग त्या आवाजाचं अक्षर दाखवायचं. मी शेजारी बसलेल्या बाईंच्या कानात म्हटलं, “मग तेहतीस वर्षं आपण काय मेंढ्या वळत होतो?” त्या खुदकन हसल्या. त्या मुलीनं ते ऐकलं बरं का! पण रागावली नाही. “एजे, मेंढ्या वळणाऱ्याचाच कान तयार असतो,” एवढंच म्हणाली. मला तुझी आठवण आली. वाटेवरून कोण येतंय ते घोडा दिसायच्या आधी तू नुसत्या टापांवरून सांगायचीस. “मामा येतोय, करड्या घोड्यावर, आणि घोडा दमलाय.” आई दारात जाऊन बघायची, तर वळणावर खरंच मामा.

सप्टेंबरात मी कुरकुरतच सुरुवात केली. सकाळी पोरांना डोळे मिटून बसवायचं आणि काय काय ऐकू येतं ते विचारायचं. पहिल्या दिवशी नुसता खिदळण्याचा आवाज. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, शेगडीत लाकूड मोडलं. मग कुणाला कावळा ऐकू आला, कुणाला दूरच्या अंगणात सतरंजी झटकण्याचा आवाज, आणि एका पोराला त्याच्या स्वतःच्या पोटातलं गुरगुरणं. हळूहळू वर्ग इतका शांत व्हायला लागला की मीही डोळे मिटायला लागले. काय सांगू तुला, बुरुल, त्या पाच मिनिटांत मला वाटायचं की आख्खं गाव कुणीतरी पाण्याखाली नेऊन ठेवलंय आणि एकेक आवाज बुडबुड्यासारखा वर येतोय. एकदा मी डोळे उघडले तेव्हा पोरं कधीचीच उघडून माझ्याकडे बघत होती. “एजे झोपल्या!” म्हणून केवढा कल्ला झाला.

मग शब्द आले. नदीतून गुळगुळीत खडे आणले, प्रत्येकाला मूठभर. मी म्हणायचं ‘आत’, आणि पोरांनी जितके आवाज तितके खडे मांडायचे. आ एक, त् दुसरा. दोन खडे म्हणजे घोडा. आता पहिला खडा उचलून तिथं दुसरा ठेवला की ‘ओत’, घोडा गेला आणि आग पेटली. पुन्हा बदला, ‘एत’, आगीवर मांस आलं. पुन्हा बदला, ‘ईत’, मांसाच्या वासानं कुत्रं आलं. पोरांना वाटायचं ही जादूच. मलाही वाटायचं. जन्मभर जे शब्द मी अख्खेच्या अख्खे गिळत आले होते, ते असे उघडून बघता येतात हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं.

एकीला मात्र कळेना. सादात तिचं नाव. आईबाप वर डोंगरात मेंढ्यांपाशी असतात, ही खाली आजीकडे राहते. बडबडी, गोड, कोकराची हुबेहूब नक्कल करणारी. पण ‘एत’ आणि ‘ईत’ तिला एकच. कितीदा म्हणून दाखवलं तरी तेच. ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि मला बरं वाटावं म्हणून अंदाजानं खडा हलवायची. एक दिवस, नोव्हेंबरात, मी पाचव्यांदा विचारलं आणि तिनं पाचव्यांदा चुकीचा खडा उचलला. माझ्या तोंडात शब्द तयार होते. “कान आहेत का भोकं?” हेच म्हणणार होते. पोरंही हसायला टपलेली होती. वर्गात कधी हसायचं हे बाईंच्या चेहऱ्यावरून पोरांना आधी कळतं. आणि तेवढ्यात सादातच्या जागी तू बसलेली मला दिसलीस.

तू विसरली असशील असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. मी वीस वर्षांची, नारीनहून नुकतीच शिकून आलेली. देश नवा, पुस्तकं जुनी, आणि पहिल्याच वर्षी वर्गात स्वतःची बहीण. बहिणीला सवलत देते असं कुणी म्हणू नये म्हणून तुझ्याशी मी सगळ्यांत कडक वागायचे. एप्रिलमध्ये श्रुतलेखन घेतलं. वाक्य साधं होतं, आईनं मांस शिजवलं. तू एतच्या जागी ईत लिहिलंस. मी वही उचलली आणि सगळ्या वर्गाला वाचून दाखवली, “ऐका रे, बुरुलच्या आईनं कुत्रं शिजवलं!” मीच आधी हसले. मग पोरं हसली, मग मागच्या बाकावरून भुंकणं सुरू झालं. तू वळून वळून बघत होतीस, कोण कोण हसतंय ते. शेवटी माझ्याकडे बघितलंस.

त्या दिवशी जेवताना आईनं विचारलं, पोरगी का रडतेय. तू म्हणालीस, “एजे हसली.” आपल्याकडे मोठ्या बहिणीला हाक तीच आणि शाळेतल्या बाईंनाही तीच. आईनं विचारलं, “कुठली एजे?” मी समोर बसले होते. हातात रोटीचा तुकडा होता. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, “शाळेतली.” आई म्हणाली, “मग शाळेतलं शाळेत,” आणि तुझ्या वाटीत आणखी रस्सा वाढला. मी तो तुकडा खाल्ला, बुरुल. सात वर्षांच्या पोरीनं मला पाठीशी घातलं आणि मी तुकडा खाऊन उठले.

त्यानंतर गावातली पोरं तुला बघून भुंकायची ते मला माहीत होतं. तू कोकरं सांभाळायचं निमित्त करून घरी राहायला लागलीस, तेही माहीत होतं. दरवर्षी मी इतर बाईंना सांगून तुला वरच्या वर्गात ढकललं आणि त्याला उपकार समजले. आठवीनंतर तू शिवणकामाला शहरात निघालीस, तेव्हा आई माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी म्हटलं, “जाऊ दे तिला. हात चांगले आहेत, डोकं नाही.” तू बाहेर घोंगडी गुंडाळत होतीस. तुझे ते कान. ऐकलंच असशील.

तर सादातला मी त्या दिवशी काही बोलले नाही. पोरांना खेळायला सोडलं आणि तिला जवळ घेऊन बसले. शेल्फवरचा छोटा आरसा तिच्या हातात दिला. म्हटलं, कान राहू दे, आपण तोंडाला विचारू. तिचा हात तिच्याच हनुवटीखाली ठेवला. ‘ए’ म्हटलं की हनुवटी खाली येते, हात दाबला जातो. ‘ई’ म्हटलं की हनुवटी जागेवर, ओठ मात्र हसल्यासारखे दोन्हीकडे ताणले जातात. ती आरशात बघून कितीतरी वेळ ए-ई, ए-ई करत राहिली, मध्येच स्वतःचे पडलेले दात बघत राहिली. रोज दहा मिनिटं. अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी बाहेर हिमवर्षाव चालू होता, खिडक्या पांढऱ्या झालेल्या, वर्गात दिवा लावल्यासारखा मऊ उजेड. मी काही विचारलंही नव्हतं. ती खडे घेऊन आली, माझ्या टेबलावर दोन मांडले, म्हणाली ‘ईत’. मग पहिला खडा उचलला, दुसरा ठेवला, हनुवटीखाली हात धरला, म्हणाली ‘एत’. “एजे, हा खडा काढला की कुत्रं पळून जातं!” आता ती आजीला औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचून दाखवते. अडखळते, हनुवटीला हात लावते, पुढे जाते.

मी त्या बिश्केकच्या मुलीला फोन केला. विचारलं, ही पोर मंद आहे का? ती म्हणाली, “अजिबात नाही, एजे. प्रत्येक वर्गात अशी एक-दोन असतात. त्यांना ऐकू सगळं येतं, फक्त शब्द सुटा होत नाही. कुणीतरी सोडवून दाखवावा लागतो.” मी विचारलं, आणि दाखवलाच नाही तर? ती म्हणाली, “मग ती माणसं फार हुशारीनं लपवायला शिकतात.”

मला वाटायचं, आळशी आहे आपली बुरुल. दोन ओळी लिहायच्या ऐवजी फोनवर आवाज पाठवते. मग फेब्रुवारीत फोनवर तुझ्या मेरिमशी बोलले. तू चहा टाकायला आत गेली होतीस. मी विचारलं, काय गं, पुढच्या सप्टेंबरात शाळेत जाणार, आई गोष्टी वाचून दाखवते की नाही? ती म्हणाली, “आईला चष्मा नाही ना, म्हणून ती चित्रं बघून सांगते. एकच पुस्तक आहे, पण त्यातला कोल्हा रोज वेगळं काहीतरी करतो. काल तो शिवणाच्या कारखान्यात गेला होता.” मी हसले. फोन ठेवल्यावरही हसत होते. मग चुलीपाशी बसल्या बसल्या हसू थांबलं. सुईत पहिल्याच फटक्यात दोरा ओवणाऱ्या बाईला चष्मा कशाला लागतो? चाळीस वर्षांची झालीस, बुरुल, आणि आता तुला तुझ्या पोरीपासूनही लपवावं लागतंय. मेरिमला बघायला मी तिकडे आले नाही, माझ्यावर रागवायला तू कधी आली नाहीस, आणि मी इथं दरवर्षी नव्या पोरांना अक्षरं शिकवत होते.

आता हे का लिहिलं ते सांगते. हे पत्र मी टपालात टाकणार नाही. टाकलं तर तुला ते दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल, आणि हे तिसऱ्या माणसाच्या तोंडून तू ऐकावंस असं नाही. फोनवर मला बोलता येत नाही. तीनदा लावला आणि तिन्ही वेळा थंडीबद्दल बोलून ठेवला. म्हणून लिहून काढलं, म्हणजे तुझ्यासमोर बसल्यावर मला मधूनच विषय बदलता येणार नाही. उद्या सकाळच्या गाडीनं निघते आहे, लोणी आणि वाळवलेल्या दह्याचे कुरुत घेऊन. चहा झाला की मेरिमला शेजारी खेळायला पाठवू आणि मी हे पहिल्या ओळीपासून तुला वाचून दाखवीन. म्हणजे आत्ता हे वाक्य तू माझ्याच आवाजात ऐकते आहेस, आणि मी बहुधा मान खाली घालून कागदाकडे बघते आहे. मी चुकले, बुरुल. तुझ्या डोक्यात काही कमी नव्हतं. शिकवणारी चुकली, आणि ती शाळेतली आणि घरातली एकच होती. माझ्याकडे आठ दिवस आहेत. तुला शिकायचं असेल तर रोज तू कामावरून आलीस की बसू, आणि मेरिमला काय सांगायचं ते तू ठरव. नको वाटलं तर नको. पोरीला भेटेन, तुझ्या हातचं जेवेन आणि परत जाईन. कागद इथं संपतो. आता वर बघते. तुला जे म्हणायचं असेल ते म्हण, कितीही वेळ लागू दे, मी मध्ये बोलणार नाही.

तुझीच,
एजे