खर्रा सोडल्याची शिक्षा

वरठी, मंगळवार, संध्याकाळ

डोकं खराब झालं आज. गजानननं चार महिन्यांपूर्वी तंबाखूचा खर्रा सोडला, तो आमच्या व्हॉलीबॉलमुळे. मैदानात आलं की पानठेला आठवत नाही म्हणे. आता हा खेळ चालवणाऱ्या व्यसनमुक्तीच्या संस्थेला नवीन अनुदान आलं. संस्थेच्या ताई खेळणाऱ्यांची यादी करत होत्या.

"गजानन, तुझं नाव बसत नाही रे. यावेळी पैसा फक्त व्यसनी पोरांसाठी आहे."

"म्हणजे खर्रा सोडला म्हणून मले काढून राहिल्या?"

"मी काय करू? वरूनच तसं आलं."

तो उठून ठेल्याकडे गेला. मी मात्र मैदानामागच्या रुळावरून जाणाऱ्या मालगाडीचे डबे पाहत बसलो. काहून नाही अडवलं मी त्याले? तो खर्रा घेऊन आला, ताईंसमोरच गालात भरला.

"आता लिहा."

ताईंनी लिहिलं.