मायनस तेरा आणि आखाजीचा रस

६ एप्रिल, रविवार. दुपार.
माझ्यावर अन्याय झालेला आहे. वर्ष होत आलं, आज उघडकीला आला.

आमच्या पोरीची, डिंपलची, सहावीची परीक्षा जवळ आली. ती पूर्णांक संख्यांची उजळणी करत होती. येतं का तुम्हाला, असं मला विचारलं. चोपड्यात बारा वर्षं ठिबकचं दुकान चालवणाऱ्या माणसाला! मी म्हटलं, त्यात काय आहे, मायनस मायनस प्लस. आणि म्हणता म्हणता चहाचा कप हातातच राहिला.

मागची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आठवली. पारोळ्याला, सासुरवाडीत, आखाजीच्या आदल्या संध्याकाळी पत्ते बसतात. किती हात करणार ते आधी बोलायचं. केले तर बोललेला आकडा प्लस, एक जरी कमी पडला तर तोच आख्खा आकडा मायनस. शेवटी बेरीज. जो तळाला, त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्या घराचा आमरस हाताने काढायचा. सासऱ्यांना, म्हणजे नानांना, मिक्सरचा रस चालत नाही.

मागच्या वर्षी दोन डाव झाले आणि लाईट गेली. मला मायनस सात आणि मायनस सहा. साडू कुंदन धुळ्याला बँकेत आहे, त्याने टॉर्च लावून मायनस तेरा जाहीर केलं. अहो, मायनस आणि मायनस! प्लस तेरा! मी पहिला आलो होतो! आणि रस कोणी काढला? मी. माझा कोपरापर्यंत रसात बुडालेला, बनियनवरचा फोटो आजही फॅमिली ग्रुपचा डीपी आहे.

संकल्प एक: यंदा रस कुंदन काढेल. संकल्प दोन: आखाजीपर्यंत ग्रुपचा डीपी बदलेल.

७ एप्रिल.
डिंपल म्हणते, तो नियम गुणाकाराचा आहे, पुढच्या वर्षी येणार. बेरजेत दोन्ही मायनस असले तर आकडे मिळवायचे आणि मायनस तसाच ठेवायचा. मॅडमनी सांगितलं म्हणे. मी म्हटलं, नियम तो नियम. सोमवारी लागू आणि मंगळवारी नाही, असं असतं का? हसली. पोरांचा पाया कच्चा राहतो तो असा.

९ एप्रिल.
नानांना फोन करून निकालाविरुद्ध अपील दाखल केलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, जवाईबापू, आखाजीले या, मंग दखू. औंदा आंबा बी भलता मोठा शेतस. यंदा आंबेही मोठे आहेत म्हणे.
अपील दाखल झालं असं मी समजतो.

१२ एप्रिल. दुकानातून.
डिंपल डबा घेऊन आली आणि पाईपांच्या बंडलवर बसून वाद घालायला लागली. पप्पा, पाईप टाकायला दोन फूट चारी खोदली. मग अजून दोन फूट खोदली. तिथे टेकडी होईल का?

मी म्हटलं, चारीचा आणि पत्त्यांचा काय संबंध. गिऱ्हाईक रुपचंदभाऊ मध्ये बोलले की पोरगी बराबर बोलते. त्यांना जॉइनर हवे होते, नाहीत म्हणून सांगितलं. नंतर मागच्या रॅकवर सापडले. त्यांनी तोवर समोरच्या दुकानातून घेतले होते.

१५ एप्रिल.
ग्रुपवर जाहीर निवेदन टाकलं. मुद्देसूद. शेवटी 'सत्याचा विजय होवो'. कुंदनने हसण्याची अकरा तोंडं पाठवली. सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, वाटलं कोणाचा वाढदिवस आहे. त्यांनी केक पाठवला. सारिकाने माझ्या देखत ग्रुप म्यूट केला. स्वतःच्या बायकोने!

२० एप्रिल, रविवार.
आज प्रात्यक्षिक. डिंपलने हॉलच्या फरशीवर खडूने संख्यारेषा काढली. पंख्याखालची फरशी शून्य. उजवीकडे टीव्हीकडे प्लस, डावीकडे मायनस. मला शून्यावर उभं केलं. मायनस सात म्हणजे डावीकडे सात फरश्या. मी गेलो. किचनच्या दारात पोचलो. आता अजून मायनस सहा. मी आपसूक उजवीकडे वळलो तर ओरडली, पप्पा, मायनस डावीकडेच!

अजून सहा फरश्या डावीकडे म्हणजे आमचं बाथरूम. मी बादलीत पाय घालून मायनस तेरावर उभा होतो, तेवढ्यात सारिका आली. इथे काय करताय म्हणाली. डिंपलने सांगितलं, पप्पा मागच्या आखाजीला इथे होते.

तशी गोष्ट जरा विचार करण्यासारखी आहे. मला पटलं असं नाही. पण अपील मी मोठ्या मनाने मागे घेतोय.

२३ एप्रिल.
डिंपलचा गणिताचा पेपर. सकाळपासून दुकानात मन लागेना. पोरीने पेपरात माझा नियम लिहिला तर? मी छातीठोकपणे सांगितलेला? चार वेळा गिऱ्हाइकाला चुकीचा व्हॉल्व्ह दिला. देवा, एवढे दोन-चार मार्क वाचव, कुंदनचं मग बघू.

घरी आली तर दारातच विचारलं. ती म्हणाली, पप्पा, तुमचा नियम नाही लिहिला मी. इतकं बरं वाटलं! बापावर जरा विश्वास ठेवायला हवा होता, असं मात्र बोलून दाखवलं.

२६ एप्रिल.
नवी स्ट्रॅटेजी, डिंपलसोबत बसून. चिन्हं वेगळी असली तर ज्याचा आकडा मोठा, त्याचं चिन्ह उत्तराला. म्हणून बोलायचं कमी. दोन, तीन, फार तर चार. छोटे छोटे प्लस. एखादा छोटा मायनस आला तरी बेरीज प्लसच राहते. कुंदन मोठ्या तोंडाचा, तो बुडणार. मी आता पूर्णांकांचा माणूस आहे.

२९ एप्रिल. पारोळा. संध्याकाळ, पत्त्यांच्या आधी.
पोचलो. अंगणातल्या निंबाला झोका बांधलाय, सारिका आणि पुनम दोघी बहिणी त्यावरून उतरायला तयार नाहीत. ओसरीत आंब्यांच्या पाट्या. कुंदन मला बघून कोपरापर्यंत बाह्या सारून दाखवत होता. मी शांत. अक्कांना मी बजावलं की यंदा रस धुळ्याच्या हातचा. तुमना हातना रस गोड लागस, म्हणाल्या. बिचाऱ्या. त्यांना काय कल्पना.

२९ एप्रिल. नंतर.
जे झालं ते लिहितो.

नाना, अक्का, कुंदन, मी. चार डाव ठरले. पहिल्यात तीन बोललो, केले. दुसऱ्यात चार, केले. तिसऱ्यात दोन, केले. प्लस नऊ! डिंपल मागे बसून माझी पाठ थोपटत होती. अक्का अकरा, नाना आठ आणि कुंदन पाच. पाच! तळाला! शेवटच्या डावात मी नुसतं एक बोललो असतो तरी सुटलो असतो. डिंपल कानात तेच सांगत होती. एक, पप्पा, एक.

तेवढ्यात कुंदन म्हणाला, योगराजभाऊ हल्ली घाबरून खेळतात.

मी पानं बघितली. इस्पिक हुकूम, त्याचे एक्का, राजा, राणी माझ्याकडे. बदामचे वरचे सगळे माझ्याकडे. अशी पानं माणसाला आयुष्यात एकदा येतात हो! माझ्या तोंडातून दहा निघालं. डिंपलने डोळे मिटून घेतले.

नऊ झाले. दहावा हात माझ्या बदामच्या गुलामावर होत होता, तो अक्कांनी हुकमाच्या दुर्रीने कापला. दुर्रीने! कुंदनने एक बोलून एक केला होता. तो सहा.

मी मुद्दा मांडला की माझे तीन डाव प्लस, एकच मायनस, बहुमत प्लसचं आहे. सगळे डिंपलकडे बघायला लागले. ती हळूच म्हणाली, पप्पा, किती चिन्हं ते नाही बघायचं. आकडा बघायचा. नऊपेक्षा दहा मोठा.

मायनस एक.

३० एप्रिल. आखाजी.
रस काढला. चार पाट्या. नाना जवळ बसून बोट दाखवत होते, आते हाऊ घ्या, आते तो घ्या. सगळ्यांनी पुरणपोळीसोबत वाट्यांवर वाट्या रिचवल्या. कुंदनने पाच. मी मोजल्या नाहीत, पण पाच.

१ मे. पारोळा.
सकाळी मॅडमचा मेसेज आला. डिंपलला गणितात पैकीच्या पैकी! मी अंगणात नाचलोच. पुनमने विचारलं, कोणाकडून शिकलीस गं? डिंपल म्हणाली, पप्पांमुळे, त्यांना समजावता समजावता पाठ झालं. मी फक्त 'पप्पांमुळे' एवढंच मोठ्याने परत सांगितलं.

शिवाय मागच्या वर्षी मायनस तेरा, यंदा मायनस एक. म्हणजे बारांनी वर आलो. हे जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं. डिंपल म्हणाली, बरोबर आहे पप्पा. मी कुंदनकडे बघितलं. मग तीच म्हणाली, पण दोन्ही वर्षं मिळून मायनस चौदा.

संध्याकाळी ग्रुपचा डीपी बदलला. संकल्प क्रमांक दोन पूर्ण.

नव्या फोटोतही मीच आहे, कोपरापर्यंत रसात. बनियनसुद्धा तेच.